पावसाळ्यात घरची कासवं आजारी का पडतात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तरणा पाऊस सरून म्हातारा लागला की कोल्हापुरात आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. नेमक्या याच दिवसांत शहरातल्या कितीतरी घरांत काचेच्या टाकीतली कासवं खाणं सोडतात, डोळे सुजवून बसतात, एका अंगावर कलंडून तरंगायला लागतात. घरचे म्हणतात, "थंडीनं झोपलंय, उन्हाळ्यात उठेल." ते झोपलेलं नसतं, आजारी असतं. या गैरसमजात दोन-तीन आठवडे जातात आणि दवाखान्यात नेईपर्यंत वेळ गेलेली असते. म्हणून हे पत्र पावसाळा संपण्याआधी छापावं, ही विनंती.

दुकानात दहाच्या नाण्यापेक्षा जरासं मोठं, हिरवंगार, डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं जे पिल्लू मिळतं, ते 'लाल कानाचं कासव', मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं. त्यातली मादी वाढून पंचवीस सेंटिमीटरच्या पुढे जाते आणि नीट ठेवली तर तीस वर्षंही जगते. त्याच्याबरोबर प्लॅस्टिकचं नारळाचं झाड चिकटवलेलं ताटलीएवढं भांडं देतात, आणि आजारांची सुरुवात त्या भांड्यापासूनच होते. हिशेब साधा आहे: पाठीच्या लांबीच्या दर इंचाला सुमारे चाळीस लिटर पाणी. चार इंची कासवाला दीडशे लिटरच्या आसपास टाकी लागते आणि त्यात अंग पूर्ण कोरडं होईल अशी चढायला जागा लागते. ओल्या दगडावर अर्धं अंग पाण्यात ठेवून बसणं म्हणजे अंग वाळणं नव्हे.

सगळ्या आजारांच्या मुळाशी बहुतेक वेळा एकच गोष्ट असते, तापमान. या जिवांचं शरीर स्वतःची ऊब तयार करत नाही. पचन, रोगप्रतिकार, औषधाचा परिणाम, सगळं बाहेरच्या उबेवर चालतं. पाणी २२-२३ अंशांवर उतरलं की लहान कासवाचं पचन मंदावतं, खाल्लेलं पोटात तसंच राहतं आणि एरवी निमूट असणारे जंतू डोकं वर काढतात. म्हणून पहिली खरेदी औषधाची नको, थर्मामीटरची करा. पाणी २५ ते २८ अंश आणि चढून बसायच्या जागी दिव्याखाली ३२ ते ३५ अंश ठेवा. हीटर दर लिटरला साधारण एक वॉट या मापाने घ्यावा, आपोआप बंद-चालू होणारा. तो उघडा सोडू नका. मोठं कासव धडक मारून काच फोडतं. भोकं पाडलेल्या पीव्हीसी पाइपात हीटर बसवला की काम होतं. पाणी बदलण्याआधी हीटर बंद करून पंधरा मिनिटं थांबावं, नाहीतर तापलेल्या काचेवर गार पाणी पडून ती तडकते. आणि टाकीत हात घालण्याआधी प्लग काढायचा. यात कधीच हयगय नको.

नाकातून बुडबुडे येणं, तोंड उघडून मान वर ताणणं, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येणं, पोहताना एक बाजू खाली जाणं ही न्यूमोनियाची लक्षणं आहेत. कासवाला खोकता येत नाही, त्यामुळे छातीतला कफ आपसूक बाहेर पडत नाही, तो तिथेच साचून घट्ट होतो. म्हणून 'दोन दिवस बघू' असं इथे चालत नाही. डॉक्टर गाठेपर्यंत पाणी २८-२९ अंशांवर न्या, आणि मान ताणली की नाक बाहेर येईल इतकंच खोल ठेवा. अशक्त कासव खोल पाण्यात बुडून मरतं, हे अनेकांना पटत नाही, पण खरं आहे. या काळात तोंडात जबरदस्तीनं खाणं कोंबू नये. अंग गार असताना पोटात ढकललेलं खाणं सडतं. आधी ऊब, मग कोमट पाण्यात अर्धा तास बसवून अंगात पाणी जाऊ देणं, आणि खाणं त्यानंतर.

आता उन्हाचं. चालत्या कासवाच्या पाठीची कड अंगठा आणि पहिल्या बोटात धरून हलकेच दाबून पाहा. अगदी लहान पिल्लाची कड थोडी लवते, ते ठीक. वर्षाच्या पुढच्या कासवाची पाठ टणक लागली पाहिजे. ती जुन्या रबरी चपलेसारखी दबत असेल, कडा वर वळल्या असतील, तर हाडांतलं कॅल्शियम गेलेलं आहे. उन्हातल्या अतिनील-बी (यूव्हीबी) किरणांशिवाय त्वचेत ड-३ जीवनसत्त्व तयार होत नाही आणि ते नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. हे किरण खिडकीच्या काचेतून आत येत नाहीत. खिडकीपाशी ठेवलेल्या टाकीतल्या कासवाला ऊब मिळते, ऊन मिळत नाही. उलट बंद काचेत पाणी तापून ते भाजून निघतं.

ऊन पडेल त्या दिवशी सकाळी आठ-साडेआठला गच्चीवर टबमध्ये वीस-तीस मिनिटं ठेवा. टबचा अर्धा भाग सावलीत हवा, वर जाळी हवी (कावळा आणि मांजर दोन्ही टपून असतात), आणि तुम्ही तिथेच हवेत. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी मात्र अतिनील-बी देणारी ट्यूब घ्यावीच लागते. ती कासवाच्या पाठीपासून साधारण २५-३० सेंटिमीटरवर असावी, मध्ये काच किंवा प्लॅस्टिक नको, रोज दहा-बारा तास चालू. ट्यूब दिसायला वर्षानुवर्षं उजेड देते, पण तिच्यातले कामाचे किरण सहा ते बारा महिन्यांत उतरतात. बसवल्याची तारीख तिच्यावरच मार्करनं लिहून ठेवा. साधा एलईडी बल्ब यातलं काहीही करत नाही.

कॅल्शियमसाठी महागडी डबी हवीच असं नाही. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस टाकीत टाकला की कासव स्वतःच कुरतडतं. नुसतं बिनहाडाचं चिकन किंवा सोललेली कोळंबी खाऊ घालणं हा मोठा अपराध आहे. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही, त्यामुळे शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून वापरतं. लहान मासा द्यायचा तर काट्यांसकट अख्खा. ड-३ च्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनानं देऊ नयेत. जास्त झाल्या की मूत्रपिंडं आणि रक्तवाहिन्यांत क्षार साठतात.

डोळे सुजण्याची गोष्ट वेगळी. वाळवलेल्या कोळंबीच्या डबीवर महिनोन्‌महिने वाढवलेल्या कासवाला अ जीवनसत्त्व मिळत नाही. डोळ्याभोवतीच्या ग्रंथींची आतली त्वचा जाड होते, पापण्या फुगतात आणि घाण पाण्यातले जंतू त्यात घर करतात. दिसत नाही म्हणून ते खात नाही, खात नाही म्हणून आणखी खालावतं. याच कमतरतेतून डोळ्यामागे, कानाच्या जागी, वाटाण्याएवढी टणक गाठ येते. सरपटणाऱ्या प्राण्यांचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, तो चक्क्यासारखा घट्ट असतो. त्यामुळे ती गाठ सुईनं काढता येत नाही आणि नुसत्या गोळ्यांनी विरघळत नाही. डॉक्टरांनी चीर देऊन आतला गठ्ठा काढावा लागतो. घरात पडलेले डोळ्याचे थेंब घालू नयेत, त्यात स्टेरॉइड असेल तर जंतुसंसर्ग भडकतो. जीवनसत्त्वाचं इंजेक्शनही मोजूनच द्यावं लागतं, जास्त डोसानं कासवाची कातडी सोलवटून निघते.

मोठ्या कासवाच्या खाण्यात निम्म्याहून अधिक पाला असावा. तुतीची पानं, जास्वंदीची पानं-फुलं, शेवग्याचा पाला, बरोबर किसलेलं गाजर, लाल भोपळा. पालक आणि चुका क्वचितच, कारण त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. तयार खाद्याच्या गोळ्या एक दिवसाआड, कासवाच्या डोक्याएवढ्या मापाच्या. पिल्लांना रोज. भात, चपाती, पाव, फरसाण बंद. पंचगंगेतली जलपर्णी आणून घालणारेही आहेत, कृपा करून घालू नका. त्या झाडाच्या मुळांत नदीतलं सगळं येतं.

पाठीवर पांढरट-पिवळे खड्डे, मऊ डाग आणि घाण वास आला तर पाठ कुजते आहे. पोहणाऱ्या कासवाचे पाठीवरचे पातळ, पारदर्शक पापुद्रे आपोआप सुटतात, ते मात्र नैसर्गिक आहे. ते ओढून काढायचे नाहीत. कुजलेल्या जागी मऊ टूथब्रशनं हळूच घासून पोव्हिडोन आयोडीन लावावं. दहा टक्क्यांचं असेल तर एक भाग औषध आणि दहा भाग पाणी, रंग फिकट चहासारखा दिसला पाहिजे. नंतर कासव काही तास उबदार, कोरड्या टबमध्ये ठेवायचं. रोज तासभर तरी पाण्यात सोडावंच लागतं, कारण या जातीला पाण्याबाहेर घास गिळता येत नाही. आठवड्यात फरक नसेल किंवा पोटाकडच्या बाजूला लालसर डाग दिसले तर डॉक्टर. पाठीला चकाकी यावी म्हणून खोबरेल तेल चोळणं ही आपल्याकडची आवडती चूक. तेलाखाली ओल आणि जंतू दोन्ही कोंडले जातात.

इग्वाना (मोठा हिरवा सरडा) पाळणाऱ्यांना थोडक्यात. तो पूर्ण शाकाहारी आहे. अंडी, झुरळं, मांस दिल्यानं मूत्रपिंडं जातात, आणि हे बाहेर दिसायला दोन-चार वर्षं लागतात. बोटं थरथरणं, जबडा मऊ पडणं ही कॅल्शियम संपल्याची खूण. गेकोच्या (पाळीव पालीच्या) बोटांवर जुनी कात अंगठीसारखी अडकली तर रक्त थांबून बोट झडतं. २८-३० अंशांच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बसवून ओल्या कापसानं हलकेच सोडवावी. बॉल पायथन या सापाच्या डोळ्यावर कातेची टोपी राहिली तर ती नखानं कधीही ओढू नये. पिंजऱ्यात ६० ते ७० टक्के दमटपणा ठेवला तर पुढच्या कातीला बहुधा सुटते. यांतल्या कुठल्याही प्राण्याच्या शेपटीच्या मुळाशी गुलाबी मांसल भाग बाहेर आला असेल तर तो वाळू देऊ नका. साखरेच्या घट्ट पाण्यात भिजवलेलं स्वच्छ कापड गुंडाळा. साखर सूज ओढून घेते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

आपल्या जिल्ह्यातले पशुवैद्यक म्हशी, गाई आणि कुत्र्यांच्या कामात तरबेज आहेत. त्यांच्याकडे कासव क्वचितच येतं. म्हणून नेणाऱ्यानं दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. गोचिडांवर आणि जंतांवर जनावरांना सर्रास दिलं जाणारं आयव्हरमेक्टिन कासवाला मारतं. कोणत्याही मात्रेत ते नको, हे आधीच सांगा. दुसरं, वजन ग्रॅममध्ये लिहून न्या. त्यासाठी गुजरीतल्या सोनाराचा काटा नको, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. दर रविवारी वजन वहीत मांडलं तर दहा टक्के घट डोळ्यांना दिसण्याआधी वहीत दिसते. सोबत टाकीचा फोटो, पाण्याचं तापमान आणि गेल्या महिन्यात काय खाल्लं ते न्या. निम्मं निदान तिथेच होतं. औषध सुरू झाल्यावरही ऊब कमी पडू देऊ नका, गार अंगात प्रतिजैविक काम करत नाही.

घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा म्हातारं माणूस असेल तर कासव हाताळल्यावर साबणानं वीस सेकंद हात धुतलेच पाहिजेत. टाकीचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नये. धडधाकट दिसणाऱ्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जंतू असू शकतो. मुलांना होणाऱ्या या संसर्गामुळेच अमेरिकेनं १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडे नेमकी तीच पिल्लं मुलांच्या वाढदिवसाला भेट म्हणून जातात.

कायद्याचंही सांगायला हवं. अंगावर चांदण्या असलेलं जमिनीवरचं कासव किंवा आपल्या ओढ्या-तळ्यांतलं कुठलंही कासव घरात ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा आहे. 'लक्ष्मी येते' म्हणून कुणी दिलं असेल तर वन विभागाला १९२६ या हेल्पलाइन क्रमांकावर कळवून सुपूर्द करा. इग्वाना, बॉल पायथन अशा परदेशी जातींची २०२४ च्या केंद्रीय नियमांनुसार 'परिवेश' या सरकारी संकेतस्थळावर नोंद लागते. आणि वाढलेलं लाल कानाचं कासव रंकाळ्यात, कोटितीर्थात किंवा कळंब्याला सोडू नका. महादेवाच्या देवळात कासवाच्या पाठीला हात लावून आत जाणारी आपण माणसं, ते पाण्यात सोडलं की पुण्य वाटतं. पण जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत हे कासव आहे. ते इथल्या कासवांची ऊन खायची जागा आणि खाणं बळकावतं, रोगही नेतं.

दुकानदारांना एक विनंती. पिल्लासोबत मराठीत छापलेला एक कागद द्या: पूर्ण वाढ किती, टाकी किती, पाणी किती अंश, ट्यूब कुठली, काय खातं. कागद वाचून गिऱ्हाईक परत गेलं तर त्या दिवशी एक कासव वाचलं असं समजा. पशुसंवर्धन विभागानं आणि पशुवैद्यकांच्या संघटनेनं मिळून जिल्ह्यातल्या डॉक्टरांसाठी सरपटणाऱ्या प्राण्यांवर एक दिवसाचं प्रशिक्षण ठेवावं. कोणत्या दवाखान्यात हे उपचार होतात, त्याची यादी आपल्या वृत्तपत्रातून दर जूनमध्ये, मिरगाच्या आधी, प्रसिद्ध करावी.

कळावे,
आपला विश्वासू,
एक वाचक, कोल्हापूर