माळावर पसरणारा टेकोमा वेळीच ओळखावा

महोदय,

सोलापुरातील रस्त्यांच्या दुभाजकांत आणि बंगल्यांच्या कुंपणांलगत शोभेसाठी लावलेला पिवळा टेकोमा आता नाल्यांच्या काठांवर, जुन्या मुरमाच्या खाणींत आणि पडीक माळावर आपोआप उगवलेला दिसू लागला आहे. फुलांचा रंग सारखाच असल्याने लांबून पाहणारा त्याला तरवड हे आपल्याकडचे पिवळ्या फुलांचे झुडूप समजून पुढे जातो आणि म्हणूनच या प्रसाराची दखल घेतली जात नाही, ही मला फार काळजीची बाब वाटते.

जवळून पाहिल्यास गोंधळ उरत नाही. तरवडाच्या फुलाच्या पाचही पाकळ्या सुट्या असतात, तर टेकोमाच्या पाकळ्या जुळून त्यांची नळी झालेली असते. बहर नसेल तेव्हा पाने पाहावीत. तरवडाची पाने एकाआड एक येतात, पर्णिकांची, म्हणजे पानातल्या छोट्या पानांची, टोके बोथट व कडा सलग असतात आणि देठाच्या बुडाशी रुंद, गोलसर उपपर्णे (पानासारखे छोटे भाग) असतात. टेकोमाची पाने समोरासमोर येतात आणि पर्णिका टोकदार व दातेरी असतात. तरवडाची शेंग चपटी आणि कागदासारखी पातळ असते. टेकोमाची शेंग लांब व अरुंद असून ती वाळून उकलली की पातळ पंखांच्या असंख्य बिया वाऱ्यावर उडतात, आणि आपल्या माळावर वारा अडवायला आहेच काय?

हे झुडूप मूळचे अमेरिका खंडातले. बहामा देशाचे ते राष्ट्रीय फूल आहे, पण दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात ते उपद्रवी तण ठरले आहे. ते पाण्याचा ताण सोसते आणि तोडले तरी बुंध्यातून पुन्हा फुटते. नान्नजच्या परिसरात 1979 पासून माळढोक अभयारण्य आहे. माळढोक व धाविक हे पक्षी आणि काळवीट यांना मोकळे गवत लागते. तिथे झुडपांची दाटी झाली तर त्यांचा अधिवासच जाईल.

महापालिकेने आणि रोपवाटिकांनी नवी लागवड थांबवावी, असलेल्या झाडांच्या शेंगा वाळण्यापूर्वी छाटाव्यात आणि माळावरची कोवळी रोपे पावसाळ्यात, जमीन ओली असताना मुळासकट काढावीत. मात्र त्या घाईत तरवड उपटला जाऊ नये. नवरात्रात घटाला ज्याच्या फुलांची माळ चढते, तो आपल्या कोरड्या हवेत वाढणारा तरवडच दुभाजकांत लावला, तर पिवळ्या फुलांची शोभाही कमी होणार नाही.

आपला,
एक वनस्पतीप्रेमी वाचक, सोलापूर