तिसरा गोलरक्षक ठेवायचा कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर डेव्हिड एअर्सची गोष्ट वाचली. 22 फेब्रुवारी 2020 च्या रात्री टोरंटोत कॅरोलायना हरिकेन्स या पाहुण्या आइस हॉकी संघाचे दोन्ही गोलरक्षक एकाच सामन्यात जखमी झाले. मग झांबोनी, म्हणजे बर्फ घासून गुळगुळीत करणारे यंत्र, चालवणारा 42 वर्षांचा एअर्स पॅड बांधून गोलमध्ये उतरला आणि कॅरोलायना 6-3 ने जिंकली. गोष्ट खरी आहे, कितीही वेळा ऐकली तरी गोड लागते. तिच्या शेवटी मारलेला शेरा मात्र पटला नाही: ‘कोट्यवधी डॉलर उधळणाऱ्या या संघांना तिसरा गोलरक्षक पोसणे जड जाते!’ जड मुळीच जात नाही. नॅशनल हॉकी लीगमधल्या, म्हणजे एनएचएलमधल्या, प्रत्येक संघाच्या पदरी पाच-सहा गोलरक्षक असतात. घोडे अडते ते त्यांना ठेवायचे कुठे, यावर.

तसा एअर्सही वाटेवरून हात धरून आणलेला नव्हता. टोरंटोच्या दुय्यम संघाच्या, मार्लीजच्या, सरावात तो नेमाने गोलमध्ये उभा राहायचा. दोन्ही संघांना मिळून एक आपत्कालीन गोलरक्षक यजमानांनी स्टेडियममध्ये हजर ठेवायचा, असा तेव्हा लीगचा नियम होता. त्या रात्री पाळी एअर्सची होती, म्हणून टोरंटोचा सराव-गोलरक्षक टोरंटोविरुद्धच उभा राहिला. त्याच्यावरचे पहिले दोन फटके आत गेले, पुढचे आठ त्याने अडवले. पण जवळजवळ अर्ध्या सामन्यात त्याच्यावर फटके आले दहाच. एरवी पूर्ण सामन्यात एका संघाचे 28 ते 30 होतात. त्या रात्रीचे निम्मे श्रेय पुढे उभ्या राहिलेल्या पाच जणांचे आहे, ते लेखातून निसटले.

आता मूळ मुद्दा. एनएचएल संघाच्या यादीत जास्तीत जास्त 23 खेळाडू असतात. सामन्याला 20 जण कपडे चढवतात, 18 स्केटर आणि 2 गोलरक्षक. उरलेल्या तीन जागांपैकी एक तिसऱ्या गोलरक्षकाला द्यायला कायद्याने कुणी अडवलेले नाही. अडचण सरावात येते, कारण रिंकवर गोल दोनच असतात, एक या टोकाला आणि एक त्या टोकाला. तिघे असले की एकाला सतत कडेला थांबावे लागते आणि सराव संपल्यावर उरलेसुरले फटके झेलावे लागतात. गोलरक्षकाचा खेळ नजरेवर आणि वेळेवर चालतो. काठीवरून चकती सुटण्याआधी खांदा कसा वळला, हे टिपायची सवय आठवड्याभरात मंदावते. मुख्य आणि दुसरा गोलरक्षकही कुरकुरतात, कारण त्यांच्या वाट्याचे फटके कमी होतात. म्हणून तिघे एकत्र ठेवणारा संघ बहुधा नाइलाजाने ठेवतो.

साधारण रचना अशी. वर दोघे. त्यांच्याखाली अमेरिकन हॉकी लीगमध्ये, म्हणजे एएचएलमध्ये, जोडसंघाकडे (एनएचएल संघाशी बांधलेल्या दुय्यम संघाकडे) दोघे: एक मुरलेला आणि एक होतकरू. त्याखाली ईसीएचएल या आणखी खालच्या लीगमध्ये एखादा. शिवाय ज्युनियर, कॉलेज किंवा युरोपात खेळणारी, ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, निवडून ठेवलेली पोरे. कागदावर हे भक्कम दिसते. गोम आहे ती वरून खाली पाठवण्यात.

एनएचएलमधून खेळाडू खाली पाठवायचा तर तो आधी ‘वेव्हर्स’वर ठेवावा लागतो. 24 तास इतर सर्व संघांना तो फुकटात, फक्त त्याचा करार अंगावर घेऊन, उचलता येतो. एकाहून जास्त संघांनी हात वर केला तर गुणतक्त्यात सर्वांत खाली असलेल्याला प्राधान्य. कुणीच नाही उचलला तर खाली पाठवायला मोकळे. पुढे त्याला वर बोलावले आणि तो 10 सामने खेळला, किंवा वरच्या यादीत 30 दिवस राहिला, की पुन्हा वेव्हर्स. यातून तरुणांना सूट आहे. 18 व्या वर्षी करार केलेल्या गोलरक्षकाला 6 वर्षे किंवा 80 सामने, यांतले जे आधी भरेल तोवर; त्याच वयाच्या स्केटरला 5 वर्षे किंवा 160 सामने. वय वाढेल तशी सूट आखडते, आणि पंचविशीनंतर करार केला तर ती एकाच वर्षाची. ‘टू-वे करार असला की वेव्हर्स लागत नाहीत’ असे पुष्कळ जण समजतात, ते चूक आहे. टू-वे कराराने वरचा पगार आणि खालचा पगार वेगळा ठरतो, एवढेच.

म्हणजे बघा, तिसरा गोलरक्षक अनुभवी असेल तर खाली पाठवताना तो हातचा जायची भीती. तरुण आणि सूट असलेला असेल तर तो सुरक्षित, पण त्याला दर आठवड्याला दोन-तीन सामने खेळायला हवेत. त्याला वर आणून बाकावर टोपी घालून दार उघडायला बसवले, तर त्याचे वर्ष वाया जाते. धरले तर चावते, सोडले तर पळते.

हे जिवंत पाहायचे असेल तर एअर्सपेक्षा अँटन फोर्सबर्गची कारकीर्द पाहावी. 2011 च्या ड्राफ्टमध्ये सातव्या फेरीत, 188 व्या क्रमांकावर कोलंबसने घेतलेला हा स्वीडिश गोलरक्षक. 29 मार्च 2018 रोजी शिकागोत सामन्याआधीच तो जखमी झाला. बदली आलेला कॉलिन डेलिया तिसऱ्या सत्रात पायात गोळे आल्याने बाहेर गेला आणि स्कॉट फॉस्टर नावाच्या 36 वर्षांच्या अकाउंटंटने शेवटची 14 मिनिटे गोल राखला, सातपैकी सात फटके अडवून. पुढे फोर्सबर्ग कॅरोलायनाकडे गेला. एअर्सच्या रात्रीनंतर शार्लटच्या जोडसंघातून ज्या दोघांना तातडीने वर बोलावले, त्यांतला एक हाच. दुसरा अ‍ॅलेक्स नेडेल्कोविच.

त्यानंतरचा 2021 चा मोसम साथीमुळे उशिरा सुरू झाला. प्रत्येक संघाने तिसरा गोलरक्षक सोबत ठेवलाच पाहिजे, असा त्या वर्षापुरता नियम होता. तिसऱ्या गोलरक्षकांचा बाजार एकदम तापला. फोर्सबर्ग एडमंटनकडे होता. वेव्हर्सवर आला, कॅरोलायनाने उचलला. पुन्हा वेव्हर्सवर, विनिपेगने उचलला. मार्चमध्ये पुन्हा, आणि ओटावाने उचलला. जानेवारी ते मार्च या काळात तीन संघांच्या यादीत नाव, सामना एकही नाही. पुढल्याच मोसमात तो ओटावाचा मुख्य गोलरक्षक झाला आणि 46 सामने खेळला. ज्याला तिघांनी सोडले तो कसा निघतो, हे सोडणाऱ्याला आधी कळत नाही, हीच या जागेची गंमत.

नेडेल्कोविचची उलटी गोष्ट. जानेवारी 2021 मध्ये कॅरोलायनाने त्यालाही वेव्हर्सवर ठेवले, पण त्याला 24 तासांत कुणीच उचलले नाही. तो राहिला, दुखापतींमुळे त्याला संधी मिळाली आणि त्या वर्षी नवोदितांच्या पुरस्काराच्या अंतिम तिघांत त्याचे नाव आले. मोसम संपताच कॅरोलायनाने त्याला डेट्रॉइटला देऊन टाकले, एअर्सच्या रात्री जखमी झालेले म्राझेक आणि रायमर हे गोलरक्षकही गेले, फ्रेडरिक अँडरसन आणि अँटी राँटा आले. तेव्हा बरीच ओरड झाली. पण नव्या कराराचा आकडा गोलरक्षकाच्या मोजक्या सामन्यांवरून ठरवायचा नाही, हे त्या व्यवस्थापनाचे धोरण दिसते, आणि ते अगदीच चूक म्हणता येत नाही.

हाच संघ 2023-24 मध्ये पुन्हा कचाट्यात सापडला, आणि यावेळी दोष पूर्णपणे रचनेचा होता. शिकागो वुल्व्हजने जोडसंघाचे नाते तोडल्यामुळे कॅरोलायनाला एएचएलमध्ये स्वतःचे घरच उरले नाही. खेळाडू इतरांच्या संघांत विखरून ठेवले गेले. नोव्हेंबरात अँडरसनला रक्ताच्या गुठळ्यांचा त्रास निघाला आणि तो मार्चपर्यंत बाहेर. राँटाचा सूर हरवला, डिसेंबरात तो वेव्हर्सवर. यारोस्लाव्ह हलाकला चाचणी-करारावर बोलावून पाहिले, शेवटी जानेवारीत कोलंबसचा स्पेन्सर मार्टिन वेव्हर्सवरून उचलला. दुसऱ्याच्या संघात ठेवलेला आपला गोलरक्षक किती सामने खेळेल, कोणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळेल, हे आपल्या हातात नसते. त्या संघाला त्याचा स्वतःचा पोरगा आधी.

जोडसंघाचे अंतरही महत्त्वाचे. दुपारी चार वाजता दुसऱ्या गोलरक्षकाचे पोट बिघडले तर सात वाजेपर्यंत बदली पोचला पाहिजे. 31 डिसेंबर 2016 रोजी टँपात नेमके हेच झाले: एडी लॅक आजारी पडला, आणि कॅरोलायनाचे सामानसुमान सांभाळणारे होर्गे आल्वेस बाकावर बसले, शेवटचे 7.6 सेकंद गोलमध्येही उभे राहिले. संघ पुन्हा कॅरोलायना, याची नोंद घ्यावी! व्हँकुव्हरने 2021 मध्ये आपला जोडसंघ न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाहून शेजारच्या अ‍ॅबट्सफर्डला हलवला. 2024 च्या प्ले-ऑफमध्ये पहिला सामना थॅचर डेमको खेळला आणि जायबंदी झाला, दुसरा-तिसरा केसी डिस्मिथ, त्यालाही दुखापत, आणि चौथ्यापासून अ‍ॅबट्सफर्डचा आर्तुर्स शिलोव्ह्स. संघ दुसऱ्या फेरीच्या सातव्या सामन्यापर्यंत त्याच्यावर गेला. 2025 मध्ये त्याने अ‍ॅबट्सफर्डला एएचएलचे विजेतेपद मिळवून दिले, आणि त्याच उन्हाळ्यात व्हँकुव्हरने त्याला पिट्सबर्गला दिले. सूट संपत आली होती आणि वरच्या दोन्ही जागा भरलेल्या होत्या. फुकट जाण्यापेक्षा ड्राफ्टमधली चौथ्या फेरीची निवड आणि एक खेळाडू बरा, असा हिशेब.

पगाराचा हिशेबही याच पातळीवर चालतो. 2025-26 मध्ये संघाची वेतनमर्यादा साडेपंचाण्णव दशलक्ष डॉलर. खाली पाठवलेल्या खेळाडूचा 1.15 दशलक्षापर्यंतचा पगार मर्यादेत धरला जात नाही, वरचा धरला जातो. त्यामुळे तिसऱ्या गोलरक्षकाचा करार या आकड्याच्या आत बसवतात. एएचएल आपल्या संघांत विकसनशील खेळाडूंची किमान संख्या ठरवून देते, पण ती मोजताना गोलरक्षक धरत नाही, म्हणून तिथे पस्तिशीचा गोलरक्षक ठेवणे सोपे जाते. वेव्हर्सवर टाकायची उत्तम वेळ ऑक्टोबरचा पहिला आठवडा, कारण तेव्हा सगळ्यांच्याच दोन जागा भरलेल्या असतात. कुठल्या तरी संघाचा गोलरक्षक सराव-सामन्यात मांडी धरून बसला, की मात्र हे गणित फसते.

मांडी म्हटले, कारण दुखापती बहुतेक तिथल्याच. ‘बटरफ्लाय’ पद्धतीत गुडघे आत वळवून रात्रीत कितीदा तरी बर्फावर आपटायचे असतात; खुबा, जांघ आणि गुडघ्याच्या आतल्या बाजूचा अस्थिबंध यांवर सगळा ताण. फोर्सबर्गच्या तर फेब्रुवारी 2023 मध्ये एकाच टकरीत दोन्ही गुडघ्यांचे अस्थिबंध फाटले. पूर्वी मार्टिन ब्रोडर एका मोसमात 78 सामने खेळायचा (2006-07). आता मुख्य गोलरक्षक 82 पैकी पन्नास-पंचावन्न खेळतो, बाकीचे दुसऱ्याचे. लागोपाठ दोन रात्री सामने असले की एक रात्र हमखास दुसऱ्याची. कोण खेळणार हे संघ सांगत नाहीत, पण सकाळच्या सरावात जो गोलरक्षक आधी बर्फावरून उतरतो तोच रात्री खेळतो, आणि मागे राहून राखीव खेळाडूंचे फटके झेलतो तो बाकावर, हे तिथल्या प्रत्येक वार्ताहराला ठाऊक असते.

गोलरक्षकांची राखीव फळी नीट सांभाळली तर काय होते, याचे उदाहरण 2022-23 चा वेगास. रॉबिन लेनर खुब्याच्या शस्त्रक्रियेमुळे वर्षभर बाहेर जाणार, हे ऑगस्टमध्ये कळताच त्यांनी सॅन होझेकडून एडिन हिलला चौथ्या फेरीच्या निवडीवर आणले. लॉरेंट ब्रोस्वा वेव्हर्समधून कुणी न उचलता सुटला आणि हेंडरसनच्या जोडसंघात, घराजवळच, खेळत राहिला. लोगन थॉमसन दुखावल्यावर मार्चमध्ये जोनाथन क्विक आला. मोसमात पाच गोलरक्षक वापरले, पाचांनीही सामने जिंकले. प्ले-ऑफमध्ये एडमंटनविरुद्ध ब्रोस्वा पडला, हिल उतरला आणि स्टॅनले कप, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, घेऊनच बाहेर आला.

आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर 2017 मध्ये श्रीजेश गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर होता, तेव्हा ढाक्याच्या आशिया चषकात भारताचे दोन्ही गोलरक्षक महाराष्ट्राचे होते: यवतमाळचा आकाश चिकटे आणि मुंबईचा सूरज करकेरा. भारत जिंकला. त्या जोडीवर आपल्या क्रीडा पानांनी किती रकाने खर्च केले?

ताजा बदलही नोंदवावा. खेळाडू संघटनेशी झालेल्या नव्या करारानुसार 2026-27 पासून सामने 82 चे 84 होतात, आणि प्रत्येक संघाला स्वतःचा पगारी आपत्कालीन गोलरक्षक नेमून दौऱ्यावर सोबत नेता येतो. म्हणजे यजमानांच्या सराव-गोलरक्षकाने यजमानांनाच हरवण्याचा प्रसंग यापुढे बहुधा येणार नाही. लेखात ही प्रथा ‘आजही सुरू आहे’ असे छापले आहे, तेवढी दुरुस्ती कृपया करावी.

आपले,
टोरंटो परिसरातील काही मराठी हॉकीप्रेमी वाचक