मा. सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र : आमच्या शिवेवरचा धोंडा परत द्या

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस सादर नमस्कार.

आमचे गाव अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात, अडगावच्या रणभूमीपासून जवळच आहे. रस्ता रुंद करताना शिवेवरचा उभा धोंडा जेसीबीने उपटला, तेव्हा पोळ्याआधी तो जागच्या जागी बसवून देऊ, असा शब्द भर ग्रामसभेत देण्यात आला होता. पोळा होऊन गेला. धोंडा आज एका विश्रामगृहासमोर शोभेसाठी सिमेंटात रोवलेला आहे आणि तोही उलटा. पिढ्यान्‌पिढ्या मातीत राहिलेले फिकट टोक वर आले आहे, शेंदराचे टोक खाली गाडले गेले आहे आणि मधल्या अंगावर जेसीबीच्या दातांचे ओरखडे आहेत.

29 नोव्हेंबर 1803 रोजी अडगावला नागपूरकर भोसल्यांची फौज वेलस्लीच्या इंग्रजी फौजेशी लढली आणि हरली. 15 डिसेंबरला गाविलगड पडला, 17 डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला. एवढे इतिहासात आहे. गावाच्या तोंडी आहे ते असे, की माघारी फिरलेला एक जखमी स्वार आमच्या शिवेवर घोड्यासह पडला, गावकऱ्यांनी दोघांना एकाच खड्ड्यात मूठमाती दिली आणि वर हा धोंडा उभा केला. पोळ्याला प्रत्येक बैलजोडी आधी त्याला वळसा घालून मगच मारुतीकडे जात असे. यंदा माझी म्हातारी आई डांबराच्या कडेला नैवेद्य ठेवून आली.

ही दंतकथा आहे आणि धोंडा कोणत्याही यादीत नाही, असे मला कार्यालयात सांगण्यात आले. साहेब, नागपूरजवळच्या माहुरझरीला शिळावर्तुळांच्या, म्हणजे मोठ्या दगडांची गोल रांग लावलेल्या प्राचीन दफनांच्या, उत्खननात घोड्यांचे अवशेष आणि त्यांचे तांब्याचे अलंकार निघाले आहेत. ते लोहयुगातले, म्हणजे अडगावच्या लढाईहून दोन हजारांवर वर्षे जुने. आमचा धोंडा त्या स्वाराचा की त्याहूनही पुरातन, हे त्याच्या बुडाखालची मातीच सांगू शकली असती. एकाही जाणकाराला न बोलावता ती माती रस्त्याच्या भरावात घातली गेली.

या रस्त्यात माझ्या वावराचा धुरा गेला, विहिरीकडची वाट गेली. त्याबद्दल मी तक्रार केली नाही. धोंड्यासाठी मात्र आडवा उभा राहिलो, तर सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा नोंदवू, असा दम मला भरण्यात आला. ऐन वेचणीत कापूस झाडावर सोडून मी अर्ज घेऊन व्हरांड्यात बसलो आणि ज्यांच्यापुढे बसलो त्यांनी मान वर करून पाहिले नाही. संविधानाचा अनुच्छेद 51-क वारसा जपणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरवतो. ते कर्तव्य करणारा आरोपी आणि वारसा उपटणारा विकासपुरुष, हा कोणता न्याय?

राज्याचा 1960 चा प्राचीन स्मारकांचा कायदा घोषित स्मारकांना संरक्षण देतो. घोषित व्हायचे तर आधी कोणीतरी गावात येऊन पाहावे लागते, आणि आमच्याकडे येतो तो फक्त ठेकेदार. विदर्भातली शिळावर्तुळे नांगराखाली आणि मुरुमाच्या खाणींत नाहीशी होत आहेत. सरकार दरवर्षी हिवाळी अधिवेशनाला नागपूरला येते, पण वऱ्हाडातल्या गावाचे गाऱ्हाणे तिथेही पोहोचत नाही.

धोंडा पुरातत्त्वाच्या माणसांच्या देखरेखीखाली, शेंदराचे टोक वर ठेवून, मूळ जागेच्या शक्य तितक्या जवळ उभा करावा आणि त्याची रीतसर नोंद घ्यावी. उत्तर लेखी आणि तारखेसह द्यावे. तोंडी शब्दावर आता गावात कोणी विश्वास ठेवणार नाही.

आपला,
तेल्हारा तालुक्यातील एक शेतकरी