निसरड्या प्लॅस्टिकवर रंग: बंडूला पत्र

कोल्हापूर,
भाद्रपद वद्य पंचमी

प्रिय बंडू,

तुझे फोटो मिळाले. मॉडेल रेल्वेसाठी शांपूच्या बाटलीची केलेली तेलाची वाघीण, म्हणजे मालगाडीचा टँकर, झकास जमलीय, मर्दा. वरचं झाकण, शिडी, खालच्या चाकांच्या बोगी, सगळं जिथल्या तिथं. आणि शेवटच्या फोटोत तिचा चंदेरी रंग सापाच्या कातीसारखा अखंड सुटून तुझ्या बोटाला लटकलेलाही पाहिला. तू दुकानदाराला शिव्या घातल्यास, रंगालाही घातल्यास. दोघंही बिचारे निर्दोष आहेत. तशा बाटलीवर कसलीही तयारी न करता लावलेला ऑइल पेंट आज ना उद्या असाच निघतो.

आधी एक काम कर. बाटली उलटी करून बुडाशी बघ. बाणांच्या त्रिकोणात एक आकडा असेल, बहुतेक 2. म्हणजे जाड, टणक पॉलिथिन. 4 असेल तर मऊ पॉलिथिन, 5 असेल तर पॉलिप्रॉपिलिन. श्रीखंडाचे डबे आणि कितीतरी झाकणं या 5 नंबरात येतात. आपल्या धंद्यातले खरे वैरी हेच. 6 म्हणजे पॉलिस्टायरिन, मॉडेलची किटं ज्याची असतात ते. सीडीच्या जुन्या पारदर्शक डब्याही त्याच्याच. 6 नंबरवर रंग आनंदाने बसतो, त्यामुळे त्याच्यावर मी शाई वाया घालवत नाही. आकडा सापडला नाही तर नखाएवढा तुकडा कापून पाण्यात टाक, पाण्यात साबणाचा एक थेंब घाल आणि तुकडा बोटाने खाली दाबून सोड. वर आला तर पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिन, तळाला बसला तर दुसरं काहीतरी. जाळून वासावरून ओळखायच्या भानगडीत पडू नकोस. तुकडा पीव्हीसीचा निघाला तर हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर नाकात जाईल.

आता तुझा मुख्य प्रश्न: 'रंग लावताना तर छान पसरला होता, मग सुटला का?' पसरणं वेगळं आणि धरणं वेगळं. द्रवाचा पृष्ठताण पृष्ठभागाच्या ऊर्जेपेक्षा कमी असला तरच तो नीट पसरतो. मिलिन्यूटन प्रति मीटरमध्ये पॉलिथिनचा आकडा 31च्या आसपास, पॉलिप्रॉपिलिनचा त्याहून थोडा कमी, पॉलिस्टायरिनचा 40च्या जवळ. पाण्याचा 72. म्हणून पाण्यातला ॲक्रिलिक रंग या डब्यांवर थेंब थेंब होऊन पळतो. टर्पेंटाइनमधल्या ऑइल पेंटचा ताण कमी, तो पसरतो आणि आपल्याला वाटतं काम झालं. पण त्याला धरायला खाली काहीच नसतं. पॉलिस्टायरिनला थिनर जरासा विरघळवतो, त्यामुळे रंगाचे पाय आत रुततात. पॉलिथिनवर थिनर येतो आणि उडून जातो, त्याला ओळखही दाखवत नाही. मागे राहतो तो नुसता वाळलेला पापुद्रा. बाटली दाबली, की सुटला.

शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीत गणपती रंगवणारा एक जण माझ्या ओळखीचा आहे. त्याचा हात असा, की मूर्तीच्या डोळ्यात जीव ओततो. विसर्जनानंतर तो जरा मोकळा झाला म्हणून श्रीखंडाचा डबा घेऊन त्याच्याकडे गेलो. डबा हातात फिरवून म्हणाला, "प्लास्टर रंग पितंय, तुमचा डबा नुसता बघतोय!" यापेक्षा सोप्या शब्दांत मला सांगता आलं नसतं.

पण मग दुधाच्या पिशवीवरची छपाई कशी टिकते? गोकुळची पिशवी घे, तीही पॉलिथिनच. फ्रीजमध्ये भिजते, पिशवीत चेंगरते, तरी अक्षरं जात नाहीत. कारण असल्या फिल्मवर छापण्याआधी विजेचा झोत फिरवतात, त्याला कोरोना ट्रीटमेंट म्हणतात. त्याने पृष्ठभागावर ऑक्सिजन जोडला जातो आणि शाईला पकड मिळते. बाटल्यांवर थेट छापायचं असेल तर हेच काम ज्योतीने करतात. म्हणजे हे प्लॅस्टिक कधीच रंग धरत नाही असं नाही, आधी त्याचा स्वभाव बदलावा लागतो. घरी ते करायचे दोन मार्ग आहेत. तिसरा मार्ग चोरवाट आहे, आणि माझा जीव त्या तिसऱ्यावरच जास्त.

कुठलाही मार्ग धरलास तरी धुणं चुकत नाही. भांड्याचा साबण आणि कोमट पाणी, आतून-बाहेरून. शांपू-कंडिशनरच्या बाटल्यांचा तर विशेष संशय घ्यायचा, कारण त्यांत बरेचदा सिलिकॉन असतं आणि त्याचा अंश राहिला तर रंगात माशाच्या डोळ्यासारखी भोकं पडतात. मग वॉटर पेपर, 400 ते 600 नंबरचा, ओला करून हलक्या हाताने घासायचा. जोर लावलास तर पॉलिथिनला लव सुटते आणि वाघीण केसाळ दिसते. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घे. त्यानंतर उघड्या बोटाने हात लावायचा नाही.

पहिला मार्ग ज्योतीचा. गुजरीतल्या एका सोनाराच्या टॉर्चवर मी हे करून घेतो. लायटर नको, त्याची पिवळी ज्योत काजळी धरते. निळ्या ज्योतीचं टोक पृष्ठभागावरून झरकन फिरवायचं, कुठेही थांबायचं नाही. बाटली वितळायला नको, नुसती वाऱ्यासारखी ज्योत जायला हवी. जमलं की नाही हे पाणी सांगतं: थेंब गोळा होण्याऐवजी पाण्याचा पातळ पापुद्रा सलग राहिला तर जमलं. हा गुण हळूहळू ओसरतो, म्हणून पाणी सुकलं की लगेच प्रायमर मारायचा. अल्कोहोल पूर्ण उडाल्याशिवाय ज्योत जवळ आणू नकोस, आणि हे घरात तर मुळीच नको. पातळ वस्तूंना हा मार्ग नाही, त्या आक्रसून वाकड्या होतात.

दुसरा मार्ग उद्यमनगरात सापडतो. गाड्यांचे बंपर बहुतेक पॉलिप्रॉपिलिनचेच, त्यात रबरासारखं काहीतरी मिसळलेलं. डेंटिंग-पेंटिंगवाले त्यांवर प्रायमरच्या आधी एक पाण्यासारखा पारदर्शक हात मारतात. तो ॲडहिजन प्रमोटर, म्हणजे पकड वाढवणारा. त्यात क्लोरिनेटेड पॉलिओलेफिन असतं, एका बाजूने पॉलिप्रॉपिलिनच्या जातीचं आणि दुसऱ्या बाजूने रंगाशी जुळणारं. दोन्हीकडच्या ओळखीचा मध्यस्थ म्हण. पातळच मारायचा, जाड थर दिला तर तो स्वतःच पापुद्रा होतो. डब्यावर जी वेळ लिहिलेली असेल तिच्या आत पुढचा रंग चढवायचा. यात झायलीन-टोल्यूइनसारखे उग्र द्रव असतात, तेव्हा गच्चीवर, मास्क लावून. पावसाळी हवेत टाळ, रंगावर पांढरट धुरी येते. तुझ्या वाघिणीला हाच मार्ग मी सांगेन, कारण ती रुळावर ठेवायला-उचलायला सारखा हात लागणार. जाता जाता, त्याआधी बाटलीत प्लास्टर ऑफ पॅरिस ओत. वजन येईल, आणि मुख्य म्हणजे बाटली दबायची बंद होईल. पकड कितीही चांगली असली तरी खालची भिंत वाकत राहिली तर वरचा कडक रंग तडकणारच.

आता चोरवाट. माझ्या लेआउटवर, म्हणजे छोट्या रेल्वेच्या मांडणीवर, कोल्हापूर स्टेशन आणि गूळ मार्केटच्या मधे मी एक साखर कारखान्याची साइडिंग, म्हणजे बाजूला फुटणारी लाइन, घुसवलीय. खऱ्या नकाशात ती नाही, हे तू सांगायची गरज नाही. 1891 साली सुरू झालेली मिरज-कोल्हापूर लाइन मीटरगेज होती आणि मी ब्रॉडगेज दाखवतोय, तेही 16.5 मिलिमीटरच्या रुळांवर, जे 1:87 या लहान प्रमाणात आपल्या 1676 मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला 19च्या वर हवेत, हेही मला माहीत आहे. तुझी पट्टी पुण्यातच ठेव. तर, त्या साइडिंगला मळीची टाकी हवी होती. 12 मीटर व्यासाची टाकी 1:87 मध्ये 138 मिलिमीटर भरते, म्हणजे जवळपास श्रीखंडाचा मोठा डबा. पण डबा तोंडाशी रुंद आणि बुडाशी निमुळता, आणि कारखान्याची टाकी कधी निमुळती नसते. म्हणून डबा उलटा ठेवला, वरच्या अरुंद बाजूला पुठ्ठ्याची कडी बसवून दोन्ही टोकांचा व्यास सारखा केला आणि भोवती जाड ड्रॉइंग पेपर गुंडाळला. कागद डब्याला चिकटवायचाच नाही. फेव्हिकॉल लावायचा तो कागदाच्या टोकावर टोक ठेवून, की बाही स्वतःलाच धरून बसते. 17 मिलिमीटरवर आडव्या रेघा म्हणजे पत्र्यांचे सांधे, आणि गुंडाळण्याआधीच मागून कंपासच्या टोकाने टोचलेले ठिपके म्हणजे रिव्हेट. आत प्लॅस्टिक आहे हे रंगाला कळतच नाही, तो कागदावर बसलेला असतो. त्यावर चंदेरी रंग, गंजासाठी घासलेल्या खडूची पूड आणि झाकणापासून खाली मळीचे काळपट चकचकीत ओघळ. शेजारचं पोरगं टाकीचा वास घ्यायला वाकलं, एवढं मला पुरे.

खरं सांगू का, जिथे साधा गोल किंवा सपाट आकार आहे तिथे प्लॅस्टिक रंगवायच्या नादालाच लागू नये असं माझं ठाम मत होत चाललंय. डबा फक्त सांगाडा म्हणून वापरायचा. रंगाची झटापट उरते ती गुंडाळता न येणाऱ्या आकारांसाठी: खांदे असलेल्या बाटल्या, आटे पाडलेली झाकणं.

आणि काही गोष्टी रंगवायच्याच नाहीत. घरांवरच्या काळ्या पाण्याच्या टाक्या बघ, त्या मुळात पॉलिथिनच्या, न रंगवलेल्या. मग मलमाच्या ट्यूबचं काळं टोपण घेऊन त्याला रंग कशाला? वॉटर पेपरने चकाकी मारली आणि वर धुळीची पूड चोळली की झाली टाकी. पीपांना मात्र थोडा रंग लागतो. 200 लिटरचं पीप 1:87 मध्ये 7 मिलिमीटरपेक्षा जरा कमी रुंद आणि 10 उंच. जुन्या स्ट्रॉचे तुकडे अगदी त्या मापाचे. 2022च्या जुलैपासून प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आली, पण स्वयंपाकघराच्या खणात तळाशी एखादं पुडकं अजून निघतंच. त्यांवर प्रमोटरचा एक फवारा आणि वर निळा रंग पुरतो. यार्डातल्या पिपाला कोण हात लावतंय?

इंजिनांचे लवचिक कठडे मात्र सांभाळ. ते पुष्कळदा ॲसिटाल नावाच्या प्लॅस्टिकचे असतात, तेही तितकंच निसरडं. ज्या रंगाचे मिळाले त्यावर समाधान मानावं हे बरं.

वाघीण नव्याने रंगवलीस की नखाने खरवडून बघू नकोस, त्यातून काही कळत नाही. रंग पूर्ण वाळू दे, मग बुडाशी ब्लेडने बारीक चौकटी पाड, त्यांवर चिकटपट्टी दाबून बसव आणि झटक्यात ओढ. चौकटी जागेवर राहिल्या तर वाघीण गाडीला जोडायला हरकत नाही. पट्टीवर आल्या तर मला फोन कर, पण शिव्या दुकानदाराला घालू नकोस. दसऱ्याला येशील तेव्हा रिकामी झाकणं, टोपणं, काय असेल ते पोतंभर आण. वहिनी टाकून द्यायच्या आत बाजूला काढ.

तुझा,
विज्या

ता. क. तुझ्या डोंगराचा थर्माकोल म्हणजे फुगवलेलं पॉलिस्टायरिनच. प्रमोटरचा फवारा मारताना वाघीण डोंगरापासून लांब ने, नाहीतर बोगद्याला शेजारी आणखी एक बोगदा पडेल.