गोपनीय पाकीट न्यायाधीशांनीच उघडावे

महोदय,

लाचलुचपतीच्या खटल्यात सरकारी फाईल मागवली की 'ती गोपनीय आहे, देता येणार नाही' अशी हरकत बऱ्याचदा येते. जिल्हा न्यायालयात बेंच क्लार्क असताना मी ती रोजनाम्यात, म्हणजे खटल्याच्या दर तारखेच्या कामकाजाच्या नोंदीत, अनेकदा लिहिली. त्यातला एक खटला मनातून जात नाही. फेरफार नोंदीसाठी पैसे मागितल्याचे प्रकरण होते. मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याने कागद वाचले की नुसती सही केली, हे तपासायला आरोपीच्या वकिलांनी अभियोग-मंजुरीची (सरकारी नोकरावर खटला भरायला लागणाऱ्या परवानगीची) मूळ फाईल मागवली. खात्याचा लिपिक लाखेचे सील केलेले पाकीट घेऊन आला. वर तांबड्या शाईत 'गोपनीय'. सोबत प्रतिज्ञापत्र नाही, खातेप्रमुखाचे पत्रही नाही. "साहेबांनी उघडू देऊ नका म्हणून सांगितलंय," एवढेच तो म्हणाला. मी लिहिले, 'खात्याने मुदत मागितली. पुढील तारीख.' तेच वाक्य त्यानंतर चार तारखांना लिहावे लागले. तक्रारदार शेतकरी दर वेळी एसटीने यायचा, व्हरांड्यातल्या बाकावर बसायचा आणि परत जायचा. आरोपीही तसाच ताटकळत होता, हे विसरू नये.

हरकतीच्या हक्काला माझा विरोध नाही. अशिलाने वकिलाला सांगितलेले गुपित राहिलेच पाहिजे, नाहीतर कोणी खरे सांगणार नाही. कायद्यातच त्याचे नेमके उदाहरण आहे. 'मी बनावट दस्त केला, माझा बचाव करा' हे बोलणे संरक्षित. 'या बनावट दस्तावर मला मालमत्तेचा ताबा मिळवायचा आहे, दावा लावा' हे नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपास यंत्रणांना बजावले की या अपवादात बसल्याशिवाय आणि वरिष्ठांच्या लेखी मंजुरीशिवाय वकिलाला अशिलाच्या प्रकरणात समन्स काढता येणार नाही. हे योग्यच झाले.

माझे भांडण सरकारी गठ्ठ्याशी आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२९ प्रमाणे राज्यकारभाराशी संबंधित अप्रकाशित कागद खातेप्रमुखाच्या परवानगीशिवाय पुराव्यात येत नाहीत. पण त्याचा अर्थ 'खाते म्हणेल ते' असा नाही. १९७५ च्या राजनारायण प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शंका असेल तर न्यायालय कागद स्वतः पाहील आणि जनहिताला बाधणारा भाग झाकून बाकीचा खुला करता येईल. १९८१ मध्ये न्यायाधीशांच्या नेमणुकीचा पत्रव्यवहार खुला झाला. १० एप्रिल २०१९ ला राफेलच्या कागदांवरची केंद्राची हरकतही फेटाळली गेली. इतके असूनही जिल्ह्याच्या न्यायालयात एका लिपिकाच्या तोंडी निरोपावर खटला थांबतो, याचा मला संताप येतो.

इतर हरकतींसाठी सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये एक चांगला दंडक घालून दिला होता (२०२१ मध्ये त्याच न्यायालयाने तो बंधनकारक मानू नये असे म्हटले) : हरकत नोंदवा, कागदाला तात्पुरती निशाणी (पुराव्याचा क्रमांक) द्या, साक्ष पुढे चालू ठेवा, निर्णय शेवटी करा. गोपनीयतेला तो लागू करता येत नाही. एकदा सर्वांनी वाचलेला कागद पुन्हा झाकता येत नाही. म्हणून या हरकतीचा निकाल तिथल्या तिथे लागायला हवा. खातेप्रमुखाने स्वतः कागद वाचून प्रतिज्ञापत्र द्यावे, कोणते पान का झाकायचे ते लिहावे. अख्ख्या फाईलवर शिक्का चालणार नाही. मग न्यायाधीशांनी पाकीट दालनात उघडून पानोपानी आदेश करावा.

भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीने खटला दोन वर्षांत संपवण्याचा प्रयत्न करावा असे घातले आहे. मुदतवाढ धरून साधारणपणे चार वर्षांची मर्यादा आहे. अशा पाकिटांपायी तारखा वाया गेल्या तर ती पाळणार कशी?

उच्च न्यायालयाने लाचलुचपतीचे खटले चालवणाऱ्या विशेष न्यायालयांसाठी याचे परिपत्रक काढावे आणि रोजनाम्यात दोन नोंदी सक्तीच्या कराव्यात : हरकत कोणत्या पानांवर घेतली आणि तिचा निकाल कोणत्या तारखेला दिला.

— एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सातारा