शालेय स्पर्धांच्या तारखा जूनमध्येच जाहीर करा : क्रीडामंत्र्यांना खुले पत्र

मा. क्रीडामंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

मी सोलापुरात शाळकरी मुलामुलींचा धावण्याचा सराव घेतो. बहुतेक जण ८०० आणि १,५०० मीटर पळतात. कुणाचे वडील यंत्रमागावर आहेत, कुणाची आई विड्या वळते. मैदान द्या, साहित्य द्या, अनुदान द्या अशी पत्रे आपल्याकडे रोज येत असतील. तेही सगळे हवेच आहे, पण माझ्या मुख्य मागणीला पैसा लागत नाही. तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा चारही टप्प्यांच्या शालेय स्पर्धांच्या तारखा शाळा उघडतानाच जाहीर व्हाव्यात आणि पाळल्या जाव्यात.

तारखेसाठी एवढा आग्रह का, तर सरावाचा आराखडा स्पर्धेच्या दिवसापासून मागे मोजत आखावा लागतो. आधी काही आठवडे बोलत बोलत पळता येईल अशा सोप्या गतीचे धावणे. त्यावर चढावरचे धावणे आणि ताकदीचे व्यायाम. मग स्पर्धेच्या वेगाच्या, मध्ये विश्रांती देऊन मारायच्या फेऱ्या. शेवटचे साधारण दोन आठवडे उतरता सराव असतो. त्यात एकूण अंतर जवळपास निम्म्यावर आणायचे, फेऱ्यांचा वेग मात्र कमी होऊ द्यायचा नाही. अंगातला थकवा निघून जातो आणि कमावलेला दम टिकतो. हे दोन आठवडे नीट मिळाले, तर जुलैपासून केलेली मेहनत स्पर्धेच्या दिवशी पायांत दिसते.

तारीख आठवडाभर आधी कळली की हे काहीच बसत नाही, मूल थकल्या पायांनीच रेषेवर उभे राहते. उतरता सराव सुरू झाल्यावर स्पर्धा दहा-बारा दिवस पुढे गेली तर आणखी पंचाईत. सराव पुन्हा वाढवला तर थकवा चढतो, तसाच ठेवला तर दम ओसरू लागतो. आमच्या मुलांच्या वाट्याला हे दोन्ही आले आहे. कुणाला दोष द्यायला मी लिहीत नाही. पाऊस असतो, परीक्षा असतात, निवडणुका येतात, हे मलाही कळते. सोलापुरात तर सप्टेंबरातच पावसाचा जोर असतो आणि काळ्या मातीच्या मैदानावर पाय ठेववत नाही. म्हणून राखीव तारीखही जूनमध्येच ठरवून ठेवावी.

बीड जिल्ह्यातल्या अविनाश साबळे यांनी २०२२च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेस (अडथळ्यांची शर्यत) ८ मिनिटे ११.२० सेकंदांत पूर्ण केली. सुवर्णपदक ०.०५ सेकंदाने हुकले. त्या पातळीवर एवढ्याशा फरकाने पदकाचा रंग ठरतो. आमच्या मुलांच्या वेळांतला फरक मोठा असेल, पण विभागीय स्पर्धेत अंतिम फेरी गाठणे आणि बाहेर पडणे यांतला फरक अनेकदा सेकंदाच्या आतलाच असतो.

दुसरी मागणी वहीची. आमचा प्रत्येक खेळाडू रोज वही लिहितो. सराव किती मिनिटांचा झाला आणि दहापैकी किती जड गेला, या दोन आकड्यांचा गुणाकार हा त्या दिवसाचा भार. साठ मिनिटे सोपे पळून चार गुण दिले तर २४०, तीस मिनिटांच्या फेऱ्यांना आठ गुण दिले तरी २४०च. आकडा एकच, पण दुसऱ्या दिवशी पाय वेगळे बोलतात. म्हणून शेजारी झोप किती झाली आणि काय दुखते हेही लिहायला लावतो. सातवीतल्या एका मुलीच्या वहीत सलग चार दिवस एकच ओळ होती: ‘डाव्या गुडघ्याखाली दुखतंय, उड्या मारताना जास्त.’ मुली साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्याने उंच होतात, मुलगे चौदाव्या. त्या काळात गुडघ्याखाली, जिथे मांडीच्या स्नायूंचा ताण हाडावर येतो, तिथे दुखणे धरते. तिच्या उड्या थांबवल्या, फेऱ्या घटवल्या, सोपे पळणे चालू ठेवले. निवड होऊन असे मूल शिबिराला गेले की तिथले सर नवे असतात, सराव सगळ्यांना सारखा असतो आणि वही कुणी मागत नाही. ती शिबिरात पहिल्या दिवशी वाचली जावी, असा आदेश निघाला तर कितीतरी दुखापती टळतील.

उन्हाळी शिबिरांचेही पाहावे. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. उन्हाची सवय व्हायला शरीराला १० ते १४ दिवस लागतात. त्यानंतर घाम लवकर सुटतो, त्यातून मीठ कमी जाते, त्याच कामाला नाडी कमी पळते. दहा दिवसांचे शिबिर नेमके सवय होत आली की संपते, आणि पुष्कळदा पहिल्याच दिवशी जोर लावून चाचणी घेतली जाते. सुरुवातीचे दिवस हलके ठेवून सराव सकाळी सातच्या आत आटोपावा. माझे मत विचाराल तर या शिबिरांचा पैसा जून ते नोव्हेंबर दर रविवारच्या सरावाला वापरावा.

खाण्याचे म्हणाल, तर महागड्या पावडरीच्या डब्यांची गरज नाही. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. आमची शेंगाची चटणी, भाकरी, डाळ आणि दूध रोज पोटभर मिळाले तर शाळकरी वयात पुष्कळ भागते. पण साडेपाचला उपाशीपोटी येणाऱ्यांना सरावानंतर लगेच काही मिळेल, एवढी तजवीज शाळांना करता यावी.

जिल्हा आणि विभाग, विभाग आणि राज्य यांच्यामध्ये किमान तीन आठवडे असावेत. तेवढ्यात एक आठवडा विसावा आणि दोन आठवडे नेमका सराव होतो. मुलांच्या आणि पालकांच्या परवानगीने त्यांच्या वह्या घेऊन मी मुंबईला यायला तयार आहे. आपण सोलापूरला आलात तर सकाळी सहाला मैदानावर या, मुले स्वतःच दाखवतील.

आपला,
एक क्रीडा प्रशिक्षक, सोलापूर