'बोहेमियन रॅप्सडी' एका रात्रीत झालेले नाही

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'क्वीन' या इंग्लिश रॉक बँडच्या 'बोहेमियन रॅप्सडी' या गाण्यावर लेख आला, याचे आश्चर्य वाटले आणि आनंदही झाला. मात्र 'वलसाडच्या मुलाने एका रात्रीत घडवलेला चमत्कार' हे त्याचे शीर्षक (मुलगा म्हणजे हे गाणे लिहिणारे, 'क्वीन'चे गायक फ्रेडी मर्क्युरी) दोन्ही अंगांनी चुकीचे आहे. त्यातल्या 'एका रात्रीत' या शब्दांनी मला अधिक अस्वस्थ केले, म्हणून हा पत्रप्रपंच.

ऐंशीच्या दशकात बडोद्याच्या रावपुऱ्यात माझे कॅसेट भरून देण्याचे लहानसे दुकान होते. गिऱ्हाइकाने गाण्यांची यादी आणि कोरी कॅसेट आणून द्यायची आणि दोन दिवसांनी भरलेली कॅसेट घेऊन जायची, असा तो व्यवहार होता. (कायद्याच्या दृष्टीने तो कितपत योग्य होता, हा प्रश्न वेगळा.) फतेगंजकडून येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या याद्यांत हे गाणे हमखास असे आणि त्याची लांबी ५ मिनिटे ५५ सेकंद असल्यामुळे साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूचा हिशेब नेहमी चुके. कॅसेटवरून कॅसेट आणि तिच्यावरून पुन्हा तिसरी कॅसेट केली, की गाण्यामागची खरखर किती वाढते, हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला कानाने कळत असे.

नेमकी हीच अडचण हे गाणे करणाऱ्यांपुढे फार मोठ्या प्रमाणावर उभी होती. ध्वनिमुद्रणाला १९७५च्या ऑगस्टमध्ये वेल्समधील रॉकफील्ड स्टुडिओत सुरुवात झाली आणि पुढचे काम इतर स्टुडिओंत चालले. मधल्या ऑपेराच्या भागात जो मोठा समूह गात असल्यासारखा वाटतो, तो फ्रेडी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या बँडमधल्या तिघांचाच आवाज आहे. एकावर एक थर चढवत, दिवसाला दहा-बारा तास गात त्यांनी तो उभा केला आणि त्या भागालाच सुमारे तीन आठवडे लागले. फितीवर मार्ग (ट्रॅक, म्हणजे आवाज स्वतंत्रपणे भरण्याच्या पट्ट्या) होते चोवीस आणि आवाजांचे थर भरले शंभराहून कितीतरी अधिक, म्हणून भरलेले मार्ग एकत्र करून एक-दोन मार्गांवर उतरवायचे, मोकळ्या झालेल्या मार्गांवर पुन्हा गायचे आणि ते भरले की पुन्हा उतरवायचे, असा क्रम चालला. फीत यंत्राच्या हेडवरून (आवाज भरणाऱ्या आणि वाचणाऱ्या भागावरून) इतक्या वेळा फिरली, की तिच्यावरचा लेप झिजून ती उजेडासमोर धरल्यास आरपार दिसू लागली होती. आमच्या दुकानात रोज संध्याकाळी स्पिरिटचा बोळा हेडवर फिरवला की कापसाला याच लेपाची तपकिरी भुकटी लागे. आवाज असतो तो त्या भुकटीत. ती पुरती झडण्याआधी काम संपवण्याची कसरत निर्माते रॉय थॉमस बेकर आणि त्यांच्या तंत्रज्ञांनी केली. आपल्या लेखात मात्र बेकर यांचे नावही नाही.

गाण्याची लोकप्रियताही आपोआप आलेली नाही. इतके लांब गाणे रेडिओ लावणार नाही, अशी रेकॉर्ड कंपनीला धास्ती होती. लंडनच्या कॅपिटल रेडिओवरील निवेदक केनी एव्हरेट यांनी प्रकाशनापूर्वीच हाती आलेली प्रत दोन दिवसांत १४ वेळा वाजवली आणि दुकानांत विचारणा सुरू झाली. ३१ ऑक्टोबर १९७५ रोजी प्रकाशित झालेले हे गाणे ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. गंमत अशी, की त्याला तिथून खाली खेचले ते 'ॲबा' या स्वीडिश गटाच्या 'मामा मिया' या गाण्याने, आणि हे दोन शब्द या गाण्यातही येतात! मर्क्युरी यांच्या निधनानंतर, १९९१च्या अखेरीस, ते पुन्हा पहिल्या क्रमांकावर गेले.

राहता राहिला वलसाडचा प्रश्न. फारुख बुलसारा या मर्क्युरी यांच्या मूळ नावातले आडनाव वलसाडवरून, म्हणजे जुन्या बुलसारवरून आले, हे खरे. परंतु त्यांचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ रोजी झांझिबारमध्ये झाला आणि शाळा झाली ती पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये. पियानो ते तिथे शिकले आणि 'द हेक्टिक्स' हा पहिला बँडही तिथलाच. १९६४ साली झांझिबारमधील क्रांतीनंतर बुलसारा कुटुंब इंग्लंडला गेले. नाते जोडायचेच असेल, तर आपल्या मराठी वृत्तपत्राला सातारा जिल्ह्यातील पाचगणी अधिक जवळची होती. मुंबईची गाडी वलसाडला थांबते एवढ्यावरून आपल्या लेखकाने भलतेच स्टेशन पकडले.

येत्या रविवारी शीर्षकाची दुरुस्ती छापावी आणि तीत बेकर यांचे नाव यावे, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक,
दांडिया बाजार, बडोदे